ऊलाँग फुळकवणी का लागतो?

डिसेंबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियामकानं, एक गोष्ट स्पष्ट केली. पाकिटावर ‘चहा’ असं छापायचं असेल तर आतला माल कॅमेलिया सायनेन्सिस याच झाडाचा हवा. रुईबॉस, वाळवलेली फुलं, जडीबुटींची मिश्रणं चहा या नावानं विकता येणार नाहीत. बातमी आली आणि लगेच प्रश्न सुरू झाले. मग ग्रीन टीचं काय? व्हाइट टीचं? आणि हल्ली जिकडेतिकडे दिसणारा ऊलाँग, तो कशाचा असतो?

हे सगळे अस्सल चहा आहेत आणि एकाच झाडाचे आहेत. (आपला गवती चहा मात्र त्यात बसत नाही, ते वेगळंच गवत आहे.) प्रश्न खरा येतो तो पुडा घरी आल्यावर. कुणीतरी भेट दिलेला असतो, किंवा वजन उतरतं असं ऐकून मागवलेला असतो. रोजच्या सवयीनं चमचाभर पत्ती कपभर पाण्यात टाकली जाते, एक घोट घेतला जातो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “अगदी फुळकवणी आहे हो हा.” मग तो डबा फडताळात मागे सरकतो आणि वर्षानं टाकून दिला जातो.

मला याचं वाईट वाटतं, कारण त्या डब्यात कुणाची तरी एक अख्खी रात्र असते. ती कशी, ते कळलं की कपात काय शोधायचं तेही कळतं.

एक झाड, सहा प्रकार

युरोपातल्या विद्वानांनाही हा गोंधळ बराच काळ सुटला नव्हता. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं १७६२ मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन वेगळ्या जाती नोंदवल्या होत्या. १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिज्ञ चीनमध्ये हिंडला आणि त्याला दिसलं की झाड एकच आहे, फरक पडतो तो पान तोडल्यानंतर. हाच फॉर्च्यून पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं आणि कारागीर हिमालयात घेऊन आला.

पान तोडल्यावर काय होतं, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. वांगं चिरून तसंच ठेवलं की फोडी काळ्या पडतात, म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. पेशी फुटल्या की आतलं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं फोडीतली द्रव्यं बदलू लागतं. याला ऑक्सिडीभवन म्हणतात. चहाच्या पानातही त्याच जातीचं विकर असतं. पान चुरगळलं की ते तांबूस होऊ लागतं, त्याचा कडवटपणा बदलतो, रंग गडद होतो. पुष्कळ जण याला आंबवणं म्हणतात. ते बरोबर नाही, कारण यात जिवाणू किंवा बुरशीचं काही काम नसतं. चीनच्या युन्नान प्रांतातला पू-अर हा चहा मात्र खरोखरच सूक्ष्मजीवांच्या मदतीनं मुरतो.

आता प्रकार लावणं सोपं आहे. तोडल्यावर लगेच उष्णता देऊन विकर मारून टाकलं की हिरवा चहा. पान पूर्ण तांबूस होऊ दिलं की काळा. फारसा हात न लावता नुसतं सुकवलं की पांढरा. हिरव्याला जरा वाफेत दमट ठेवलं की पिवळा, तो दुर्मीळच. पू-अरसारखे मुरवलेले ते गडद. आणि तांबूस होणं सुरू करून मध्येच थांबवलं की ऊलाँग. हे ‘मध्येच’ फार लांबरुंद आहे. ढोबळ मानानं १० टक्के तांबूस झालेलं पानही ऊलाँग आणि ८० टक्के झालेलंही. म्हणून एक ऊलाँग पोपटी आणि फुलांच्या वासाचा असतो, तर दुसरा तपकिरी आणि खमंग. एक आवडला नाही म्हणून ऊलाँग आवडत नाही असं ठरवू नये.

पानाची जागरणाची रात्र

हिरव्या चहाचं पान तोडल्यावर थोड्याच वेळात तापलेल्या कढईत मरतं. काळ्या चहाचं पान सुकवून रोलरखाली चिरडलं जातं. ऊलाँगच्या पानाला मात्र तोडल्यानंतर कितीतरी तास जिवंत ठेवून पुन्हा पुन्हा डिवचलं जातं. सगळा फरक इथे आहे.

पान घेतलं जातं तेही जरा जून. हिरव्या चहाला लागतात कोवळे कोंब, ऊलाँगला लागतो उघडलेला शेंडा आणि त्याखालची दोन-तीन पानं. ही पानं आधी उन्हात पसरतात, मग सावलीत बांबूच्या मोठ्या गोल सुपांवर. मऊ पडली की कारागीर सूप दोन्ही हातांनी धरतो आणि पाखडल्यासारखी पानं उडवतो, फिरवतो. पानांच्या कडा एकमेकींवर घासतात. कडेच्या पेशी फुटतात, मधला भाग शाबूत राहतो. मग पानं तासभर, दोन तास तशीच ठेवायची. पुन्हा उडवायची, पुन्हा ठेवायची. हे रात्रभर चालतं. मोठ्या कारखान्यांत बांबूची फिरती पिंपं हे काम करतात, पण थांबायचं कधी हे अजूनही नाकच ठरवतं. सुरुवातीला कापलेल्या गवताचा हिरवट वास असतो. तो सरतो आणि फुलांचा येऊ लागतो, पुढे फळांचा. हवा तो वास आला की त्याच क्षणी तापलेल्या कढईत पानं टाकून सगळं थांबवायचं. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी त्या दिवसाचा माल वेगळा होतो. पाऊस आला, हवा दमट झाली की सगळा हिशेब बदलतो.

फुलांचा वास येतो म्हणजे त्यात फुलं घातली असणार, असं पुष्कळांना वाटतं. चमेलीच्या चहात खरंच चमेलीच्या कळ्यांचा वास पत्तीला लावलेला असतो. चांगल्या ऊलाँगमध्ये बाहेरचं काही नसतं. तोडलेलं पान अजून जिवंत आहे, त्याला इजा होते आहे, आणि इजा झाली की वनस्पती सुगंधी द्रव्यं तयार करतात. वारंवार डिवचल्यानं ऊलाँगच्या पानात जी द्रव्यं साठतात त्यांत इंडोल आहे, आणि हेच इंडोल मोगऱ्यातही असतं. लिनालूल चहात असतं तसं आपल्या धण्यातही असतं. तेव्हा कपातून मोगरा आल्यासारखा वाटला तर तो तुमच्या मनाचा खेळ नाही.

पान मेल्यावर त्याला वळतात. कुठे लांब पिळून, काडीसारखं. कुठे कापडात बांधून, दाबून, सोडून, पुन्हा बांधून, असं अनेकदा करत घट्ट गोळी होईपर्यंत. मग वाळवणं आणि काही प्रकारांत निखाऱ्यावर मंद भाजणं. ही भाजणी तासन्‌तास चालते आणि काही ठिकाणी आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा केली जाते.

या सगळ्याचा पुरावा तुमच्या कपात उरतो. चहा पिऊन झाला की एक भिजलेलं पान बशीत पसरून बघा. पारंपरिक पद्धतीच्या ऊलाँगमध्ये मधला भाग हिरवट आणि कडा लालसर दिसतात. ती लाल किनार म्हणजे रात्रभर घासलेली बाजू. अगदी हलक्या, पोपटी प्रकारांत ती पुसट असते, कधी दिसतही नाही.

कुठला ऊलाँग कसा

ऊलाँगचं मूळ घर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फुजियान प्रांत. त्याच्या उत्तरेला वूयीचे डोंगर आहेत. कातळाच्या उंच भिंती, त्यांच्यामधल्या अरुंद घळी आणि घळीत चहाची झुडपं. इथल्या चहाला खडकाचा चहा म्हणतात. तो चांगला भाजलेला असतो. वास खमंग, कधी दालचिनीकडे झुकणारा, आणि घोटानंतर जिभेवर दगडावरच्या ओलाव्यासारखं काहीतरी रेंगाळतं. त्यातला सर्वांत प्रसिद्ध दा होंग पाओ. या नावाची सहा जुनी झुडपं एका कड्यावर आहेत. त्यांची तोडणी २००६ पासून बंद आहे आणि २००५च्या शेवटच्या तोडणीतला २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला गेला. दुकानात मिळतो तो दा होंग पाओ या झुडपांच्या कलमांचा किंवा वूयीतल्या वेगवेगळ्या चहांच्या मिश्रणाचा असतो. तोही उत्तम असू शकतो. पण ‘मूळ झाडाचा’ असं सांगून कुणी विकत असेल तर तिथून उठावं.

फुजियानच्याच दक्षिणेला आनशी. तिथला तिएग्वानयिन गोळीसारखा वळलेला असतो. पूर्वी तो भाजलेला असे, आता बाजारात हिरवट, फुलांच्या वासाचा जास्त दिसतो. शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतात छाओचौजवळ फीनिक्स डोंगर आहे. तिथले दानत्सोंग चहा वासांच्या नावांनी विकले जातात, कुठला मधाळ ऑर्किडचा, कुठला बदामाचा. एकाचं नाव चक्क ‘बदकाच्या विष्ठेचा वास’ असं आहे. सांगतात की शेतकऱ्यानं आपलं चांगलं झाड कुणी पळवू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलं. चहा अतिशय सुगंधी असतो.

तैवानमध्ये ही कला फुजियानमधून आली. १८६९ मध्ये जॉन डॉड या व्यापाऱ्यानं तिथला ऊलाँग थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि तिथून तैवानचं नाव झालं. आज तिथे १,००० मीटरच्या वरच्या मळ्यांतल्या चहाला उंच डोंगरांचा चहा म्हणतात. आलीशान, लीशान ही त्यातली मोठी नावं. थंडी आणि धुक्यात पान सावकाश वाढतं, कडवटपणा कमी राहतो, घोट लोण्यासारखा गुळगुळीत लागतो. दोंगदिंग त्याहून सखल भागातला आणि बऱ्याचदा भाजलेला. माझी स्वतःची आवड दोंगदिंगकडे झुकते, कारण त्यात फुलं आणि भाजणी दोन्ही असतात आणि आपल्या खमंग चवीच्या जिभेला तो पटकन जवळचा वाटतो.

तैवानचा आणखी एक चहा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचं नाव ओरिएंटल ब्यूटी. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्यांना तुडतुडे माहीत आहेत. पानांतला रस शोषणारा, शेतकऱ्याची झोप उडवणारा किडा. त्याच कुळातले हिरवे तुडतुडे उन्हाळ्यात तैवानच्या चहावर येतात. पान चावलं गेलं की झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं बनवतं आणि नेमकी तीच चहाला मधासारखा, पिकल्या फळासारखा वास देतात. हा चहा हवा असेल तर मळ्यात कीटकनाशक फवारता येत नाही, किडा जगलाच पाहिजे. उत्पादन घटतं, पानं आखूड आणि वेडीवाकडी होतात, भाव वाढतो. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या तोडणीत जो द्राक्षासारखा वास येतो, ज्याला मस्कटेल म्हणतात, त्यामागेही तुडतुडे आणि फुलकिडेच आहेत.

दार्जिलिंगचा विषय निघालाच आहे तर, २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणारं भारतातलं पहिलं उत्पादन म्हणजे दार्जिलिंग चहा. तिथल्या काही मळ्यांत ऊलाँगही होतो, निलगिरीतही होतो. ते तैवानच्या चहाची नक्कल वाटत नाहीत, त्यांचा स्वतःचा नूर आहे.

वास घ्यायचा कुठे

फुळकवणीच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. आपण चहाची परीक्षा जिभेवर करतो. कडक आहे का, गोड आहे का, आलं लागतंय का. जिभेला खरं तर मोजक्याच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे डाळीच्या कटात किंवा टोमॅटोच्या सारात जो भरीवपणा लागतो तो. मोगरा, मध, भाजलेला बदाम या जिभेच्या गोष्टीच नाहीत. त्या नाकाच्या आहेत, आणि घोट तोंडात असताना घशाच्या मागच्या वाटेनं नाकात पोचतात.

खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून चहाचा घोट घ्या. गरम पाणी आणि थोडा तुरटपणा, एवढंच कळेल. घोट गिळा आणि चिमटी सोडून नाकानं श्वास बाहेर टाका. जे एकदम उमटतं तो ऊलाँग.

तुरटपणाबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या षड्रसांत तुरट हा रस आहे. आजचं शरीरशास्त्र त्याला स्पर्श मानतं. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आखडतं. चांगल्या ऊलाँगमध्ये हा आवळ थोडाच असतो आणि पटकन सुटतो. सुटल्यावर घशाशी गोडसरपणा परत येतो. चिनी रसिक या परतणाऱ्या गोडीला फार मान देतात. साखरेचा कण नसताना ती येते आणि मिनिटभर राहते. घोट घेतल्यावर लगेच दुसरा घेऊ नका, तिला यायला वेळ द्या.

आणि भुरका. बशीत ओतून फुर्रकन चहा पिणाऱ्या आजोबांना घरात टोकलं जायचं, पण जगभरचे चहापारखी नेमकं तेच करतात. चमच्यातून इतक्या जोरात भुरका मारतात की चहा तोंडात फवाऱ्यासारखा पसरतो. हवा मिसळली की वास मागच्या वाटेनं नाकात चढतो. तेव्हा घरी ऊलाँग पिताना निःसंकोच भुरका मारा.

घरी कसा करायचा

पहिली अट, पातेल्यात उकळायचा नाही. दुसरी, पत्ती जास्त आणि वेळ कमी.

चिनी पद्धतीत झाकणाचा छोटा वाडगा वापरतात, त्याला गायवान म्हणतात. तो नसला तरी अडत नाही. चिनी मातीचा लहान कप, वर झाकायला बशी, गाळायला गाळणी आणि ओतायला दुसरं भांडं एवढं पुरतं. साधारण १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पत्ती घ्या. गोळीदार ऊलाँग असेल तर दीड-दोन चमचे होतात. लांब पिळलेला असेल तर तेवढंच वजन कपभर दिसतं, घाबरू नका. घरात छोटा वजनकाटा असेल तर पहिल्या दोन-चार वेळा वापराच, कारण डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो.

कप आधी गरम पाण्यानं विसळा. ओल्या गरम कपात कोरडी पत्ती टाका, बशी झाका, क्षणभर थांबा आणि बशी उचलून वास घ्या. चहाचा पहिला परिचय इथे होतो. मग पाणी ओता. भाजलेल्या ऊलाँगला पूर्ण उकळतं पाणी, हिरवट ऊलाँगला जरा निवलेलं, ९० अंशांच्या आसपास. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की पाणी काही अंश उतरतंच. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ वर, तेव्हा घाटावरच्यांनी भाजलेल्या चहासाठी पाणी अजिबात निवू देऊ नये.

पहिल्यांदा २०-३० सेकंद. गाळून सगळं पाणी काढून घ्या, पत्तीवर थेंब राहू देऊ नका. राहिला तर ती मुरत राहते आणि पुढचा कप कडवट होतो. गोळ्या अजून अर्धवटच उघडलेल्या असतात, म्हणून पहिला कप बहुधा हलका असतो. त्यात वरवरचा, उडता सुगंध मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात पान उलगडतं आणि चहा भरतो. इथे घोट जाड लागतो, तोंडभर पसरतो. चौथ्या-पाचव्यात फुलं मागे हटतात, गोडी आणि लाकडासारखा खोल वास पुढे येतो. वेळ दर खेपेला थोडा वाढवत न्यायचा. चांगला चहा सहा-सात पाणी सहज देतो. आणि दर वेळी दोन ठिकाणी नाक न्यायला विसरू नका. एक म्हणजे झाकणाची आतली बाजू, दुसरं म्हणजे पिऊन रिकामा झालेला कप. रिकाम्या कपात तळाशी जो मधाचा किंवा जाळलेल्या साखरेचा वास राहतो, तो भरल्या कपात वाफेखाली लपलेला असतो.

एवढा वेळ नसेल तर मोठ्या मगमध्ये २०० मिलीला ३-४ ग्रॅम टाकून तीन मिनिटांनी गाळा. चहा चांगलाच होईल, फक्त हे एकेक पायरीनं उलगडणं हुकेल.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. चहावर तवंग धरतो, रंग मळकट होतो आणि वास दबतो. मराठवाड्यात किंवा शहराबाहेरच्या सोसायट्यांत बोअरचंच पाणी असेल तर पिण्याचं शुद्ध केलेलं पाणी घ्या. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी चहाला चांगलं.

दूध घातलं तर?

तुमचा चहा आहे, घाला. पण काय होतं ते समजून घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं आणि दुधातला स्निग्धांश सुगंध अडवतो. आपल्या रोजच्या चहाला नेमकं हेच हवं असतं. तो सीटीसी चहा. पान दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी काढली. दाणा बारीक असल्यानं रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांत उतरतो आणि दूध, साखर, आलं, वेलची घातल्यावरही चहा दबत नाही. अमृततुल्यच्या पितळी भांड्यातला चहा सीटीसीशिवाय होणार नाही, आणि तो कमी प्रतीचा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्या चहाची ताकद कडकपणात आहे, ऊलाँगची वासात. दूध कडकपणाला सांभाळतं आणि वासाला झाकतं.

इतका महाग का? आणि परवडतो का?

हातानं तोडणी, डोंगराळ जागा, वर्षातल्या मोजक्या तोडण्या आणि रात्रभराचं कुशल काम. परदेशी असेल तर आयात शुल्कही. पण भाव किलोवर पाहू नका. समजा ५० ग्रॅमचा पुडा १,००० रुपयांचा आहे. ५ ग्रॅम म्हणजे १०० रुपये, आणि त्यात सहा-सात छोटे कप. दोघांची दुपार निघते. रोजच्या चहाच्या जागी हे परवडणार नाही, तशी गरजही नाही.

महाग म्हणजे चांगलाच, असंही नाही. फसवणूक सर्रास होते. ‘मिल्क ऊलाँग’ घ्या. तैवानमध्ये १९८१ मध्ये जिन श्वान नावाचं वाण आलं, त्याच्या चहाला मुळातच किंचित दुधाळ वास असतो. बाजारात त्या नावानं मिळणाऱ्या पुष्कळ चहांवर मात्र अर्क मारलेला असतो. पुडा उघडताच बासुंदीचा भपकारा आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात नाहीसा झाला तर समजा तो वरून लावलेला आहे. पानाचा स्वतःचा वास इतका आरडाओरडा करत नाही आणि इतक्या लवकर पळतही नाही.

दुकानदाराला विचारायचं ते एवढंच: कुठल्या भागातला, कोणत्या वर्षीच्या कोणत्या तोडणीचा, आणि भाजलेला की हिरवट. ज्याला ही उत्तरं माहीत नाहीत, त्याच्याकडून ‘प्रीमियम’ चहा घेण्यात अर्थ नाही.

वजन, झोप, लोह

ऊलाँगनं चरबी वितळते असं सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. काही छोट्या अभ्यासांत ऊलाँग प्यायल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढलेला दिसला, पण त्यामागची कॅफीन आणि कॅटेचिन ही द्रव्यं इतर चहांतही असतात आणि परिणाम लहान असतो. फायदा होऊ शकतो तो साध्या हिशेबानं. रोज चार कप चहात दोन-दोन चमचे साखर जात असेल तर त्या साखरेच्याच जवळपास १६० कॅलरी होतात. त्यांतले दोन कप बिनसाखरेच्या ऊलाँगचे झाले तर तेवढी साखर कमी झाली. ते श्रेय साखर सोडण्याला द्यावं.

कॅफीन ऊलाँगमध्येही असतं. पहिलं पाणी फेकलं की ते निघून जातं, ही समजूत चुकीची आहे. अर्ध्या मिनिटात त्यातलं थोडंच उतरतं. ज्यांची झोप चहानं उडते त्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे, आणि जेवणाआधी व नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको असंही म्हटलं आहे. चहातली तुरट द्रव्यं अन्नातल्या लोहाला बांधतात आणि ते शरीराला कमी मिळतं. आपल्या जेवणात लोह मुख्यतः पालेभाजी, डाळ, बाजरी-नाचणी यांतून येतं आणि त्याच लोहावर हा परिणाम जास्त होतो. घरात कुणाला रक्तक्षय असेल तर हा नियम काटेकोर पाळा. ऊलाँगची वेळ दुपारी चारच्या सुमाराची धरा, पोट रिकामंही नसतं आणि भरलेलंही.

सुरुवात कुठून करायची

एक मोठा पुडा घेऊ नका. २५-२५ ग्रॅमचे दोन घ्या, स्वभावानं विरुद्ध. एक हिरवट आणि गोळीदार, म्हणजे आलीशान किंवा हलका तिएग्वानयिन. एक भाजलेला, म्हणजे वूयीचा किंवा दोंगदिंग. परदेशी नको असेल तर दार्जिलिंगचा ऊलाँग एका बाजूला ठेवा. दोन सारखे कप, सारखी पत्ती, सारखा वेळ, आणि एकाच वेळी शेजारीशेजारी चाखा. एकटा चहा पिताना ‘चांगला आहे’ यापलीकडे बोलता येत नाही. दोन समोर असले की शब्द आपोआप सुचतात: हा फुलांचा, तो भाजलेल्या शेंगदाण्याचा, हा जिभेच्या टोकाशी, तो घशाशी.

डबे मात्र मसाल्याच्या फळीवर ठेवू नका. चहाची पत्ती शेजारचा वास ओढून घेते, आणि हिंगाचा वास लागलेला ऊलाँग परत येत नाही. घट्ट झाकणाचा, प्रकाश न शिरणारा डबा हवा. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात पत्ती ओलावा पटकन धरते, म्हणून पुडा फोडल्यावर छोट्या डब्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच उघडा. हिरवट ऊलाँग काही महिन्यांत संपवलेला बरा. भाजलेला वर्ष-दोन वर्षं सहज टिकतो, त्यामुळे हिरवट पुडा आधी फोडा.